परदेशी शेजारी विचारतात, "आम्ही काय मदत करू?"

गेली चौदा वर्षं मी कोरेगाव पार्कमधल्या परदेशी कुटुंबांना घरी जाऊन मराठी आणि कामापुरतं हिंदी शिकवते. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत बदलीवर आलेल्या इंजिनिअरांची ही घरं. जर्मन जास्त, त्याखालोखाल कोरियन. दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. तिथली शिकवणी संपली की बंडगार्डनचा पूल ओलांडून मी येरवड्यातल्या एका वस्तीत जाते. तिथं आम्ही चौघीजणी संध्याकाळी सहा ते आठ मुलांची अभ्यासिका चालवतो. पुलाच्या या टोकाला तीन माणसांना चार बेडरूम, त्या टोकाला दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. रिक्षानं दहा मिनिटं लागतात.

नव्या कुटुंबाचे पहिले दोन महिने फर्निचर, शाळा आणि पोटाच्या तक्रारी यांत जातात. तिसऱ्या महिन्यात प्रश्न येतोच. सिग्नलला काचेवर टकटक करणारं लेकरू रोज दिसतं, बाल्कनीतून नदीपलीकडचे पत्रे दिसतात, आणि बाई वही मिटून विचारते, "आम्ही काय करू शकतो?" हा प्रश्न मला विचारला जातो, तसा तो शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, मुलांच्या शाळेतल्या मराठी आईबापांनाही विचारला जातो. त्या वेळी आपण जे सांगतो, त्यावर ते कुटुंब पुढची दोन वर्षं चालतं. म्हणून हे त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी लिहितेय.

सुरुवात घरापासून

वस्तीत जायच्या आधी घरातल्या मावशींकडे बघायला सांगा. बहुतेक परदेशी घरांत स्वयंपाकाच्या एक, झाडूपोछाच्या एक आणि एक ड्रायव्हर असे तिघं असतात. या कुटुंबांकडे आयुष्यात पहिल्यांदा घरी कामाला माणसं असतात, आणि वागायचं कसं हे ते आपल्याकडे बघून शिकतात.

जर्मन भाषेत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखा फरक आहे, त्यामुळे तो शिकवायला मला पाच मिनिटंही लागत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी स्वयंपाकाच्या मावशींना पहिल्या दिवसापासून "तुम्ही बसा ना" म्हणायला लागली. आठवड्यानं मावशी मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "ताई, मॅडम मला अहो-जाहो करतात. पंधरा वर्षं या बिल्डिंगीत काम करते, पण इथं कुणी नाही केलं." त्याच बिल्डिंगमध्ये मराठी घरांतली सहावीतली पोरं त्यांना "ए मावशी, पाणी दे" म्हणतात. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या धाकट्यानं मला विचारलं होतं, मावशी दुसऱ्या लिफ्टनं का येतात? मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. तुमच्या सोसायटीत असा नियम असेल तर तो बदलण्याचा ठराव वार्षिक सभेत तुम्ही मांडा. परदेशी भाडेकरूला मत नसतं, तुम्हाला असतं.

आता पगार. "हे लोक भाव बिघडवतात" हे वाक्य मी कैक वेळा ऐकलं आहे. कृपा करून ते त्यांच्या कानावर घालू नका. भाव बिघडत नाही, आपण देत होतो तो कमी होता. अडचण वेगळीच असते. कुटुंब दोन वर्षांनी जातं, मावशी पुन्हा जुन्या पगारावर येतात, आणि तोवर वाढलेल्या पगारावर कुणी पोराच्या गाडीचा हप्ता घेतलेला असतो. म्हणून मी कुटुंबाला सांगते, पगार नीट द्या, महिन्याला चार सुट्ट्या पगारी द्या, दिवाळीला एक पगार बोनस द्या, तुम्ही गावाला गेलात तरी त्या महिन्याचा पगार कापू नका. आणि याच्यावर आणखी काही द्यायचं असेल, तर मावशींना विचारून त्यांच्या नावानं पोस्टात आवर्ती ठेव सुरू करून द्या. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणजे कुटुंब गेल्यावरही ती चालू राहते. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला अडीचशे रुपयांतही चालतं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे. वय अठरा ते सत्तर चालतं. आमच्या वस्तीत कितीतरी बायकांचं बँकेत खातं आहे, पण हा विमा घेतलेला नाही, कारण फॉर्म इंग्रजीत होता आणि काउंटरवर कुणी सांगितलं नाही.

बँकेत बरोबर जाण्याचं हे काम परदेशी बाई करू शकत नाही, ते आपलं आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्यानं कल्याण मंडळ आहे. त्यात नाव नोंदवायला मालकाचा दाखला लागतो. परदेशी कुटुंबं तो चटकन लिहून देतात. आपल्यातले लोक, सही केली तर पुढं काय काय मागतील, या भीतीनं टाळतात. असल्या सहीनं कुणाचं घर गेलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्यांदा वस्तीत नेताना

शनिवारी दुपारी नेऊ नका, नळाला पाणी यायच्या वेळी तर मुळीच नको. बायका हंडे-कळशा घेऊन बोळात उभ्या असतात, त्या वेळी त्यांना बघायला चार गोरी माणसं येणं त्यांना आवडत नाही, आणि का आवडावं? आम्ही संध्याकाळी सहाला नेतो, थेट अभ्यासिकेत. एका वेळी एकच कुटुंब. कॅमेरा गाडीत. चॉकलेटं घरी.

चहाचं आधी सांगून ठेवावं लागतं. परदेशी लोकांना पाण्याची धास्ती असते, म्हणून ते कुणाच्या घरी काहीच घेत नाहीत. चहा उकळलेला असतो, तो प्या, असं मी स्पष्ट सांगते. शेजारणीकडून दूध मागून आणून केलेला अर्धा कप चहा पाहुण्यानं न पिता ठेवला, तर ते घर पुढं महिनाभर माझ्याशी बोलताना अवघडतं. पाण्याचा पेला आला तर हात जोडून 'नको' म्हणायचं. 'नको' हा शब्द मी पहिल्याच धड्यात शिकवते, तो नाकारतो पण दुखवत नाही.

दारातून आत डोकावायचं नाही, हे मोठ्यांना सांगावं लागतं, मुलांना नाही. त्यांची मुलं थेट खेळायला धावतात.

चाळीस दप्तरांची संध्याकाळ

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरात तीन कुटुंबांनी मिळून दप्तरं आणायचं ठरवलं. त्यांनी मला आकडा विचारला. हजेरीपटावर चाळीस नावं होती, मी चाळीस सांगितलं. निळी, चेनवाली, आत पट्टी-पेन्सिलीचा डबा घातलेली सुंदर दप्तरं होती. साडेपाचला ती खोलीत रचली. सहापर्यंत बातमी तिन्ही गल्ल्यांत गेली होती. साठ-पासष्ट मुलं दारात आली, मागं आया, काहींच्या कडेवर तान्ही. आम्ही नावं पुकारायला लागलो तशी रेटारेटी सुरू झाली. एका चौथीतल्या मुलीचा हात दाराच्या कडीत सापडला. ती रोज येणारी, पहिल्या रांगेत बसणारी पोरगी. रडली नाही, फक्त हात फ्रॉकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती पुढं आली नाही, आणि तिचं दप्तर कुणीतरी दुसऱ्यानंच उचललं. दप्तरं वाटणाऱ्या बाईंचे हात थरथरत होते. त्या रात्री दोन घरांत भांडणं झाली, आणि पुढचे पंधरा दिवस अभ्यासिकेत निम्मीच मुलं आली.

त्यांची दानत खरी होती. चूक माझी होती. मी आकडा सांगितला, पण वाटप करायचंच नाही हे सांगितलं नाही.

त्यानंतर आमच्याकडं वाटप बंद आहे. वस्तू लागतात त्या अभ्यासिकेच्या होतात, मुलाच्या नाहीत. पाट्या, गोष्टीची पुस्तकं, कंपासपेट्या कपाटात राहतात, कुणीही वापरावं. आणि वेळ बदलली. हे नीट समजावून सांगावं लागतं. परदेशी कुटुंबाला द्यावंसं वाटतं ते नाताळात. आमच्या घरांना लागतं ते जूनमध्ये. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, त्याच पंधरवड्यात वह्या, गणवेश, बूट, सगळं एकदम येतं, वर पावसाआधी छपरावर ताडपत्री टाकायची असते. सावकाराकडे हात पसरायचा महिना तो. आणि नेमकं त्याच वेळी आंतरराष्ट्रीय शाळांना उन्हाळी सुट्टी लागते, ही कुटुंबं मायदेशी गेलेली असतात. म्हणून डिसेंबरात उत्साह असतो तेव्हाच त्यांच्याकडून जूनचं ठरवून घ्यायचं.

पैशांचं काय

इथं फार जण अडकतात, म्हणून सविस्तर सांगते. परदेशी नागरिकानं एखाद्या संस्थेला दिलेले पैसे परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरएखाली येतात. तो माणूस पुण्यात राहतो, पगार इथं घेतो, पैसे रुपयांत देतो, तरीही ते परदेशी अंशदानच. पासपोर्ट कुठला, हा प्रश्न. आपल्याच नात्यातला कुणी अमेरिकेचा नागरिक झाला असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल, तर त्याचंही हेच. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्या मुलानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र यात येत नाहीत.

संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर तिनं असे पैसे घ्यायचे नाहीत. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थांनाही हे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही, आणि एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे ते वळवता येत नाहीत. म्हणजे 'मोठ्या संस्थेच्या खात्यात घाला, त्या आम्हाला देतील' हा जुना मार्ग बंद झाला. कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणा. दानपेटीत टाका, कार्यकर्त्याच्या खात्यात टाका, असलं काही तर बोलूही नका. त्यात परदेशी माणूस अडकत नाही, आपली संस्था अडकते.

आमची अभ्यासिका छोटी आहे, ही नोंदणी आमच्याकडे नाही. कुणी पैसे द्यायला आलं तर आम्ही नोंदणी असलेल्या संस्थांकडे पाठवतो. कोणाची नोंदणी चालू आहे हे गृहमंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर दिसतं, ते त्यांच्यासमोर बसून उघडून दाखवा. जिचा नवरा कंपनीत वरच्या जागेवर आहे, तिला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशांचा मार्ग दाखवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. मात्र हे पैसे घेणाऱ्या संस्थेची त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

व्हिसाचंही बघून घ्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या बायकोला तिच्या व्हिसावर पगारी काम करता येत नाही. नियमित विनामोबदला काम करायचं असेल तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात आधी विचारून घ्यायला सांगा. तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नका.

मग त्यांनी करायचं काय

शिकवायला येतात तेव्हा सगळ्यांना इंग्रजी शिकवायचं असतं. आठवड्यातून एकदा येऊन गाणी म्हणवून घेण्यानं इंग्रजी येत नाही. आमच्याकडं तिसरी-चौथीतली कितीतरी मुलं मराठीच वाचू शकत नाहीत. दर तीन महिन्यांनी आम्ही अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांवर मूल कुठं आहे ते बघतो. मुलांना वाचता येतं का, हे देशभर तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात तीच पद्धत. दोन मिनिटांत कळतं.

दोन वर्षांपूर्वी एक जर्मन कुटुंब यायचं. थोरला मुलगा नऊ वर्षांचा. वस्तीतली मुलं त्याला लगोरीत घ्यायची, पण अभ्यासाच्या वेळी तो कोपऱ्यात बसायचा. आमच्याकडं तिसरीतली एक मुलगी होती, अक्षरांच्या पायरीवरच अडकलेली, विचारलं की मान खाली घालणारी. मी तिला म्हटलं, याला मुळाक्षरं शिकव. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पाटी घेतली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. क, ख, ग झालं, पण 'कमळ' आलं तिथं गाडी अडली. तो 'कमल' म्हणायचा. तिनं आपलं तोंड उघडून बोटानं दाखवलं, "जीभ वर वळव. वर! ळ." तो पुन्हा 'ल'. ती पाटी पुसून शब्द शोधायला लागली. फळा, बाळ, डोळा. मग लिहिलं 'शाला', थांबली, थुंकी न लावता ओढणीच्या टोकानं तेवढंच अक्षर पुसलं आणि 'शाळा' केलं. ती कुणीही न सांगता स्वतःची चूक सुधारताना मी पहिल्यांदा पाहिली. दिवाळीपर्यंत ती परिच्छेदावर आली. तो 'ळ' म्हणायला लागला ते नाताळात.

त्या दिवसापासून मी नव्या कुटुंबांना हेच काम देते. तुम्ही शिकायला या. मराठी वाचायला आमच्या मुलांकडून शिका, चुका करा, त्यांना सुधारू द्या. परदेशी मुलांच्या आईला आमच्या बायका भाकरी थापायला शिकवतात, तीही जमिनीवर बसून पीठ सांडते. ज्यांच्याकडून आयुष्यभर फक्त 'हो मॅडम' एवढंच ऐकलं गेलं, त्या बायका "असं नाही हो, हात ओला करा" म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज वेगळा असतो.

याशिवाय ज्याला जे खरंच येतं ते घ्या. एका गृहस्थांना सुतारकाम येत होतं, त्यांनी दोन रविवार बसून पुस्तकांची मांडणी करून दिली. एक बाई चष्म्याच्या दुकानात काम केलेली होती, तिच्या लक्षात आलं की सहा मुलं फळा दिसत नाही म्हणून मागं पडलीत. त्यांना डॉक्टरांकडं नेणं हे पुढं आम्ही केलं. आणि एक काम असं आहे जे परदेशी माणूस करूच शकत नाही: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारवरच्या नावातली चूक. ते मराठी येणाऱ्यानं तहसीलच्या रांगेत उभं राहूनच होतं. तुम्हाला परदेशी कुटुंबाबरोबर वस्तीत यायचं असेल तर हे काम घ्या. आम्हाला माणसं कमी पडतात ती इथं.

फोटो

फोटो नाहीत. एवढंच सांगा. आई 'काढा की' म्हणते ती बऱ्याचदा पाहुण्याला नाही म्हणायचं कसं, म्हणून म्हणते. आपल्या मुलाचा फोटो परवानगीशिवाय शाळेनं लावला तर याच कुटुंबांना राग येतो, हे आठवून दिलं की लगेच पटतं. मायदेशातल्या आजी-आजोबांना दाखवायचंच असेल तर मुलांनी काढलेली चित्रं न्या.

जायची वेळ

ज्या दिवशी बदलीचा कागद येतो, त्याच आठवड्यात त्यांनी अभ्यासिकेत तारीख सांगावी, असा आमचा नियम आहे. पूर्वी एक कुटुंब मुलांना वाईट वाटेल म्हणून न सांगता गेलं. एक छोटा मुलगा जुलैभर दर गुरुवारी दारात उभा राहायचा. म्हणून आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलंच तारखेला गोल करतात. 'मी परत येईन' असं म्हणायचं नाही. येणार असतील तर येतील.

मावशींना आणि ड्रायव्हरदादांना किमान दोन महिने आधी सांगायला लावा, आणि त्या दोन महिन्यांत तुमच्या ओळखीनं नवं काम शोधून द्या. सहीचं पत्र द्यायला सांगा, त्यात किती वर्षं, कोणतं काम, किती पगार, हे स्पष्ट असावं. पगाराचा आकडा लिहिलेला असला की पुढच्या घरी घासाघीस कमी होते. जाताना फ्रिज, सायकली, सोफे दिले जातात. कुणाला काय, हे शेवटच्या दिवशी गेटवर ठरवू नका. दोन आठवडे आधी तिघांना एकत्र बसवून ठरवा, आणि 'ही वस्तू मी दिली आहे' असं लिहून सही करून द्या. चिठ्ठी नसताना फाटकावरच्या वॉचमननं एका मावशींना मिक्सर घेऊन जाताना दोन तास बसवून ठेवलं होतं.

'ळ' शिकलेल्या मुलाचं कुटुंब गेल्या जूनमध्ये गेलं. सप्टेंबरात अभ्यासिकेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, एका बाजूला बर्फातला किल्ला, दुसऱ्या बाजूला मोठ्या वेड्यावाकड्या देवनागरीत चार ओळी. 'मी शाळेत जातो. शाळा मोटी आहे.' मुलीनं ते मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकवलं, मग माझ्या पर्समधून लाल पेन्सिल मागून घेतली आणि 'मोटी'तल्या 'ट'वर फुली मारून वर 'ठ' लिहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती पोस्टात जाऊन आली. जर्मनीला पत्र पाठवायला तिकीट किती रुपयांचं लागतं, हे तिनं स्वतः काउंटरवर विचारलं होतं.